मळीतली मोटर, माळावरचं घर: लोरा मॉड्युलने २.६ किलोमीटर निरोप कसा पोचवायचा

आमची साडेसात एचपीची मोटर कृष्णेच्या काठाला, मळीच्या रानात. घर गावाच्या वरच्या अंगाला, माळावर. नकाशावर सरळ रेघ मारली तर मध्ये २.६ किलोमीटर. २०२१ च्या जुलैत नदी रात्रीतून चढली आणि सकाळी आबा काठावर पोचेपर्यंत मोटर, स्टार्टर, सगळं पाण्याखाली गेलं होतं. मोटर वर ओढून घ्यायला दोन तास पुरले असते, पण पाणी चढतंय हे घरी कुणाला कळलंच नाही. एरवीसुद्धा रात्रीची लाईट असली की आबा साडेबाराला उठून गाडी काढायचे. कशासाठी, तर लाईट आली का आणि मोटरीनं पाणी धरलंय का, एवढंच बघायला. वय सत्तरीच्या पुढे, रस्ता उसातून, पावसाळ्यात चिखल.

मी कराडला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. पुरानंतर मी ठरवलं की मोटरीनं स्वतःच घरी निरोप धाडायचा. सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर आमच्याकडे चालला नाही. दरडीच्या खाली रेंज धड नसते, आणि ज्या रात्री निरोपाची खरी गरज असते त्याच रात्री टॉवरचीही लाईट गेलेली असते. मग लोराकडे, म्हणजे थोड्या शक्तीत लांब पोचणाऱ्या रेडिओकडे, वळले. पहिलं वर्ष चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेलं. आता दोन पावसाळे यंत्रणा बिनतक्रार चालू आहे. कुणाला आपल्या रानात हे करायचं असेल तर कुठून सुरुवात करायची आणि पैसा कुठे घालायचा, ते इथे सांगते.

लोरा म्हणजे कुकारा

रानात लांबच्या माणसाला बोलवायचं असेल तर आपण पूर्ण वाक्य ओरडत नाही, लांबवलेला कुकारा घालतो. वाऱ्यात शब्द विरतात, पण खालून वर चढत जाणारा तो सूर कानाला ओळखू येतो. लोराचं तंत्र अगदी याच जातीचं आहे. प्रत्येक चिन्ह म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जाणारी एक रेडिओ शिट्टी असते. शिट्टी जितकी लांबवाल तितकी ती गोंगाटातून वेगळी काढणं सोपं जातं. म्हणूनच लोराचा ग्राहक, म्हणजे ऐकणारा रेडिओ, गोंगाटाच्या पातळीपेक्षाही क्षीण असलेला संदेश उचलतो, जे साध्या रेडिओ मॉड्युलला जमत नाही. हे तंत्र फ्रान्समधल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीचं. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मॉड्युलांच्या पोटात सेमटेकचीच चिप असते.

शिट्टी किती लांबवायची ते स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) या आकड्यानं ठरतं. तो सहसा ७ ते १२ असा ठेवतात. आकडा एकनं वाढवला की शिट्टीचा वेळ दुप्पट होतो आणि साधारण अडीच डेसिबलचा (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) फायदा मिळतो. ७ वर संदेश गोंगाटाच्या साडेसात डेसिबल खाली गेला तरी वाचता येतो, ९ वर साडेबारा, १२ वर वीस. याची किंमत वेळेत मोजावी लागते. माझा निरोप ८ बाइटांचा आहे. १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर तो एसएफ ७ ला ३६ मिलिसेकंदांत जातो, ९ ला १२४ मिलिसेकंदांत, आणि १२ ला जवळजवळ पूर्ण एक सेकंद लागतो. तेवढा वेळ बॅटरी जळते आणि हवाही अडून राहते. उगाच सगळ्यात मोठा आकडा लावून मोकळं होण्याची सवय मी विद्यार्थ्यांमध्ये फार बघते. तसं करू नका. आधी मोजा, मग ठरवा.

कुठल्या वारंवारतेवर बोलायचं

आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटच्या आत आणि वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत हवी. आपण वापरणार आहोत ५० मिलिवॅट आणि १२५ किलोहर्ट्झ, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ आत.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुना प्रोग्रॅममध्ये ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, कारण ते अमेरिकेसाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे ती जागा मोबाईलच्या पट्ट्याला खेटून आहे. तो आकडा बदलल्याशिवाय मॉड्युल चालू करू नका. ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्युलं स्वस्त मिळतात म्हणून अनेक जण ती घेतात, पण आपल्याकडे त्या पट्ट्याची मोकळीक घरातल्या, अगदी कमी शक्तीच्या वापरापुरती आहे. रानासाठी ८६५-८६७ चंच मॉड्युल घ्या. लोरावॅन या लोरावर चालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या ठरावीक वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ अशा आहेत. त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून मी ८६६.५ धरलं.

लोरावॅनचं नाव निघालं म्हणून सांगते. त्यात गेटवे, सर्व्हर, नोंदणी असा सगळा संसार येतो. पन्नास शेतांतल्या शंभर यंत्रांसाठी तो योग्य आहे. एका मोटरीचा एका घराला निरोप द्यायचा असेल तर नुसतं लोरा पुरतं.

सामान

मोटरीकडच्या बाजूला मी ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झवालं प्रो मिनी हे अर्डुइनो जातीचं छोटं बोर्ड वापरलं, आणि रेडिओसाठी आरएफएम९५डब्ल्यू, ज्यात एसएक्स१२७६ चिप असते. घराकडे तेच रेडिओ मॉड्युल आणि ईएसपी३२ हे वायफायवालं बोर्ड. नेहमीचा ५ व्होल्टचा ऊनो बोर्ड या रेडिओला थेट जोडू नका. त्याच्या पिनांवरचे ५ व्होल्ट हे मॉड्युल सोसत नाही.

आरएफएम९५च्या कडेच्या पट्ट्या २ मिलिमीटरवर असतात आणि ब्रेडबोर्डची भोकं २.५४ वर, त्यामुळे मॉड्युल तसंच खोचता येत नाही. सोबत छोटी अडॅप्टर पाटी मागवा, नाहीतर बारीक वायरी डाग देत बसावं लागतं आणि नेमकी अँटेनाची वायर सुटते.

बाकी सामान असं: तीन करंट ट्रान्सफॉर्मर, एक फ्लोट स्विच, एक १८६५० लिथियम सेल, ६ व्होल्टचं हातभर नसलेलं सोलर पॅनेल, टीपी४०५६ चार्जिंग मॉड्युल आणि एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. रेग्युलेटर हाच का, तर तो स्वतः जेमतेम दीड-दोन मायक्रोअँपिअर खातो. बोर्डांवर सर्रास असतो तो १११७ जातीचा रेग्युलेटर नुसता बसल्या बसल्या काही मिलिअँपिअर खातो आणि सेल पंधरा-वीस दिवसांत संपवतो. म्हणून प्रो मिनीवरचा मूळ रेग्युलेटर आणि लाल दिवा दोन्ही उपटून काढा.

जोडणी

रेडिओच्या पिना बोर्डाच्या पिनांना अशा जोडा. प्रो मिनीकडे एनएसएस १० ला, मोसी ११ ला, मिसो १२ ला, एससीके १३ ला, रीसेट ९ ला आणि डीआयओ-शून्य २ ला. अर्डुइनोची ‘लोरा’ नावाची लायब्ररी हेच आकडे मुळात धरून चालते, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही. ईएसपी३२ कडे एनएसएस ५, मोसी २३, मिसो १९, एससीके १८, रीसेट १४ आणि डीआयओ-शून्य २६. इथे मात्र रेडिओ सुरू करण्याआधी एनएसएस, रीसेट आणि डीआयओ-शून्य या तीन पिनांचे आकडे लायब्ररीला सांगा. एसपीआयच्या, म्हणजे बोर्ड आणि रेडिओ ज्यावरून बोलतात त्या, उरलेल्या तीन पिना त्या बोर्डाच्या नेहमीच्याच आहेत.

रेडिओच्या पुरवठ्याच्या पिनेला चिकटून १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन कपॅसिटर लावा. निरोप पाठवताना मॉड्युल एकदम ८७ मिलिअँपिअर ओढतं. तो धक्का लांब बारीक वायरीतून आला तर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड परत पहिल्यापासून सुरू होतं. माझं पहिलं आठवडाभर हेच होत होतं आणि मी दोष प्रोग्रॅममध्ये शोधत होते.

अँटेना जोडल्याशिवाय एकदाही प्रक्षेपण करू नका. बाहेर न पडलेली शक्ती परत उलटून चिपच्या शेवटच्या टप्प्यावर येते. मॉड्युल लगेच मरत नाही, आंधळं होतं, आणि मग महिनाभर तुम्ही ‘रेंज का येत नाही’ म्हणत फिरता.

मोटरीची नाडी कशी धरायची

स्टार्टरमध्ये दोन फेजांत ४१५ व्होल्ट असतात. मी तिथल्या एकाही उघड्या तारेला हात लावायचा नाही असं ठरवलं. कमी व्होल्टेजवर काम करणारी आपण माणसं त्या पेटीत हौसेनं शिरतो आणि जिवावर बेततं. म्हणून करंट ट्रान्सफॉर्मर, ज्याला वायरमन सीटी म्हणतात. चिमट्यासारखा उघडतो आणि वायरीच्या इन्सुलेशनवरूनच बसतो. मी एससीटी-०१३ मधला ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा प्रकार घेतला. तोही मेन स्विच पाडून, वायरमनला बरोबर घेऊनच बसवला.

सीटी पूर्ण केबलभोवती अडकवू नका, एकेका फेजच्या वायरीभोवती एकेक बसवा. केबलभोवती बसवला तर तिन्ही फेजांचा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्य येतो. चिमट्याच्या दोन्ही फेराइट तोंडांमध्ये धुळीचा कण राहिला तरी आकडा घसरतो, म्हणून फडक्यानं पुसून टक्क आवाज येईपर्यंत दाबा.

सीटीचा १ व्होल्ट वर-खाली दोन्हीकडे हलतो, म्हणजे टोकाला साधारण १.४ व्होल्ट वर आणि तेवढाच खाली. बोर्डाला ऋण व्होल्टेज वाचता येत नाही. त्यामुळे दोन समान रेझिस्टरांनी १.६५ व्होल्टचा मधला टेकू तयार करायचा आणि सीटीचं एक टोक त्याला, दुसरं टोक अॅनालॉग पिनेला. रेझिस्टर १० किलोओहमचे लावाल तर टेकूच दिवसाला ४ एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमधल्या साठ्याचं माप) खाऊन टाकेल. ४७० किलोओहमचे लावा आणि टेकूला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

पाच आवर्तनं, म्हणजे १०० मिलिसेकंद, नमुने घेऊन प्रवाह काढला की मोटरीबद्दल बरंच कळतं. आमची मोटर पाणी ओढत असताना तिन्ही फेजांवर १० ते ११ अँपिअर असतात. फुटव्हॉल्वमध्ये काडीकचरा अडकून पाणी तुटलं की मोटर कोरडी फिरते आणि प्रवाह ६ च्या खाली येतो. एका फेजला शून्य आणि उरलेल्या दोघांवर जास्त, म्हणजे सिंगल फेजिंग, म्हणजे वाइंडिंग जळायच्या वाटेवर आहे. लाईट आली हेही यातूनच कळतं, कारण ऑटो स्विच असल्यामुळे लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. तुमच्या मोटरीचे आकडे वेगळे असतील. आधी दोन दिवस नुसते आकडे लिहून काढा, मग मर्यादा ठरवा.

फ्लोट स्विच जॅकवेलच्या, म्हणजे नदीकाठच्या विहिरीच्या, कठड्याच्या दोन हात खाली बांधला आहे. पाणी तिथवर चढलं की एक बिट बदलतो. २०२१ साठी एवढंच हवं होतं.

निरोप आखूड ठेवा

पहिल्या प्रयत्नात मी सगळं वाचता येईल अशा मजकुरात पाठवत होते: फेज एक बरोबर इतके, फेज दोन बरोबर तितके. तो निरोप ६४ बाइटांचा झाला होता. एसएफ ९ वर ६४ बाइटांना ३९० मिलिसेकंद लागतात, १२ वर २.८ सेकंद. तीच माहिती ८ बाइटांत बसते. पहिला बाइट यंत्राचा क्रमांक. पुढचे दोन निरोपाचा अनुक्रमांक. मग तिन्ही फेजांचा प्रवाह, प्रत्येकी एक बाइट, दशांश अँपिअरमध्ये, म्हणजे १०.४ अँपिअर असतील तर १०४ आणि कमाल २५.५. एक बाइट बॅटरीला, २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांत, म्हणजे ४.२ व्होल्टला २१०. आणि शेवटचा बाइट खुणांचा: फ्लोट वर आहे का, पाणी तुटलंय का, फेज गेलाय का.

अनुक्रमांक गाळू नका. तो असला तरच घरच्या बाजूला कळतं की ४१२ नंतर थेट ४१५ आला, म्हणजे दोन वाटेत पडले. याच्याशिवाय रेंजबद्दल जे बोलाल तो अंदाज असेल.

बोर्ड ८ सेकंद झोपतं, जागं होऊन तिन्ही फेज बघतं, काही बदललं असेल तरच पाठवतं. शिवाय काही बदललं नाही तरी दर दहा मिनिटांनी एक निरोप जातोच. हा दुसरा नियम फार महत्त्वाचा. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरलं तर बॅटरी मेलेल्या रात्रीही सगळं ठीकच दिसेल. घरच्या बाजूला २५ मिनिटं काहीच आलं नाही तर लाल दिवा लागतो.

या हिशोबानं सगळ्याला मिळून दिवसाला ५ एमएएचच्या आसपास लागतात. त्यातला रेडिओचा वाटा अगदी थोडा आहे, बहुतेक खर्च सतत नाडी बघण्याचा. २,६०० एमएएचचा सेल पावसाळ्यातल्या सूर्य न दिसणाऱ्या दिवसांतही निवांत टिकतो. ऐकणारा रेडिओ मात्र सतत जागा, १२ मिलिअँपिअर खाणारा, म्हणून तो घरच्या लाईटवर, छोट्या बॅटरी बॅकअपसह.

प्रोग्रॅममधले आकडे

दोन्ही टोकांना वारंवारता ८६६.५ मेगाहर्ट्झ, एसएफ ९, रुंदी १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट (चूक दुरुस्तीसाठी जोडलेल्या जादा बिटांचं प्रमाण) ४/५. यातले पहिले तीन आकडे आणि सिंक वर्ड, म्हणजे निरोपाच्या सुरुवातीची ओळखखूण, दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर एकही निरोप येणार नाही आणि चूक कुठे आहे याचा मागमूसही लागणार नाही. रुंदी ६२.५ किंवा त्याहून कमी केली तर संवेदनशीलता वाढते, पण स्वस्त मॉड्युलातला स्फटिक उन्हात सरकतो आणि दोन टोकांची गाठ चुकते. १२५ वरच राहा.

शक्ती १७ डीबीएम, म्हणजे तेच ५० मिलिवॅट. आरएफएम९५ मध्ये अँटेना पीए-बूस्ट या वाटेलाच जोडलेली असते. लायब्ररी मुळात तीच वाट धरते, पण कुठल्या उताऱ्यात आरएफओ, म्हणजे दुसरी वाट, लिहिलेलं असेल तर ते काढा, नाहीतर बाहेर जवळजवळ काहीच पडत नाही.

आणि सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का ते पाहणारी तपासणी, चालू करा. या लायब्ररीत ती मुळात बंद असते. ती बंद असताना आम्हाला एका रात्री फेज दोनवर २३ अँपिअर दिसले आणि आबा पावसात धावत गेले. मोटर शांतपणे चालू होती. खराब झालेला बाइट खरा समजून घरापर्यंत आला होता.

पहिली चाचणी टेबलावर घेताना दोन मॉड्युलं शेजारी शेजारी ठेवून पूर्ण शक्तीनं पाठवू नका. शक्ती २ डीबीएमवर आणा आणि एक मॉड्युल दुसऱ्या खोलीत न्या. फार जवळून आलेल्या जोरदार संदेशानं ग्राहकाचे कान बधिर होतात आणि निरोप उलट गळतात.

चालत जाऊन मोजा

आता जे सांगते त्यात माझं खरं वर्ष गेलं.

पहिल्यांदा मी जुलैत चाचणी घेतली, एसएफ ७ वर. पाठवणारं यंत्र मोटरघराच्या भिंतीला, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर. घरच्या गच्चीवर मिळणारी सिग्नलची पातळी उणे ११९ डीबीएम, गोंगाटाशी प्रमाण उणे २. निरोप बिनचूक येत होते. काम झालं म्हणून मी पेटी बंद केली. दिवाळीच्या सुमारास निरोप गळायला लागले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर निम्म्याहून कमी येऊ लागले. यंत्रात काहीही बिघडलं नव्हतं. मधल्या रानातला ऊस जुलैत गुडघाभर होता, आता बारा फूट झाला होता. पातळी उणे १२६, प्रमाण उणे ९. एसएफ ७ ला उणे साडेसातच्या खाली वाचता येत नाही.

मी आधी सोपं वाटलं ते केलं. शक्ती १७ वरून २० डीबीएम केली. त्यातून ३ डेसिबल मिळाले आणि निरोपामागचा खर्च ८७ वरून १२० मिलिअँपिअरवर गेला. मग शक्ती परत १७ वर आणून एसएफ ९ केला. निरोप यायला लागले, पण हातात शिल्लक जेमतेम साडेतीन डेसिबल. ओल्या पानांत आणि जोराच्या पावसात तेवढी शिल्लक पुरत नाही. दहा डेसिबल तरी राखून ठेवायला हवेत.

मग वीस फुटांचा जीआय पाईप आणला, मोटरघराच्या भिंतीला कड्यांनी बांधला आणि यंत्राची पेटी वर नेली. घराकडे गच्चीवर दहा फुटांचा पाईप. पातळी उणे १२६ वरून उणे १०५ वर आली, प्रमाण अधिक ८. दोन पाईपांनी एकवीस डेसिबल दिले. शक्ती वाढवून हेच मिळवायचं असतं तर ५० मिलिवॅटचे ६ वॅट करावे लागले असते, जे बेकायदाही आहे आणि त्या सेलच्या आवाक्यातलंही नाही.

कारण असं. रेडिओ लहर दोन अँटेनांमधून दोरीसारखी बारीक जात नाही. मध्यावर ती फुगते, एखाद्या लांबट काकडीसारखी. २.६ किलोमीटरला ८६६ मेगाहर्ट्झवर मध्यावरची ही फुगवट त्रिज्येनं १५ मीटर असते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे ९ मीटर, मोकळा असावा लागतो. डोळ्याला घर दिसतंय म्हणून रेडिओलाही दिसेल असं नसतं. आमचा मध्यावरचा मोकळेपणा पाईप लावूनही पूर्ण ९ मीटर झालेला नाही, सहाच्या आसपास आहे. तरी पुरतो. सपाट रानात एका टोकाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डेसिबल मिळतात, हा हिशोब खिशात ठेवा. २०१९ मध्ये स्पेनमध्ये फुग्यावर बांधलेल्या अशाच एका लोरा यंत्राचा निरोप २५ मिलिवॅटवर ७६६ किलोमीटरपर्यंत पोचला होता. त्यात करामत उंचीची होती.

तेव्हा तुम्ही मोजणी अशी करा. पाठवणारं यंत्र त्याच्या खऱ्या जागी लावा, दर दहा सेकंदांनी अनुक्रमांक पाठवायला सांगा. ग्राहकाला छोटा पडदा जोडून तो हातात घ्या आणि घराकडे चालत या. ओढा, बांध, विहीर, देऊळ अशा प्रत्येक खुणेपाशी थांबून पातळी, प्रमाण आणि गळालेले आकडे वहीत लिहा. आकडा कुठे एकदम पडतो तिथेच अडथळा आहे. आणि पीक सगळ्यात उंच असेल त्या महिन्यात परत मोजा.

अँटेना

मॉड्युलसोबत येणारी स्प्रिंगची छोटी अँटेना टेबलासाठी ठीक आहे. रानासाठी स्वतः करा, अर्ध्या तासाचं काम आहे. एसएमए सॉकेट (अँटेना जोडायचं छोटं पितळी सॉकेट) घ्या. मधल्या टोकाला ८.२ सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी डाग द्या. सॉकेटच्या चार कोपऱ्यांना पावणेनऊ सेंटिमीटरच्या चार तारा, आणि त्या खाली ४५ अंशांत वाकवा, छत्रीच्या काड्यांसारख्या. आडव्याच ठेवल्या तर जुळणी बिघडते, वाकवल्यानं ती ५० ओहमच्या जवळ येते. १७.३ सेंटिमीटरची तार कुठे सुचवलेली दिसली तर ती ४३३ साठी आहे. दोन्हीकडच्या अँटेना उभ्याच हव्यात. एक उभी आणि एक आडवी झाली की हाती आलेले डेसिबल नुसते वाया जातात.

पेटी खाली ठेवून अँटेनाची वायर वर न्यायचा मोह होतो, कारण खाली बॅटरी बदलणं सोपं. पण बाजारात सहज मिळणारी बारीक आरजी१७४ केबल या वारंवारतेला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. सहा मीटर केबल म्हणजे सहा डेसिबल, उंची दुप्पट करून मिळवलेलं सगळं गेलं. म्हणून रेडिओ वर, अँटेना पेटीला चिकटून, आणि खालून सीटीची व फ्लोटची वायर वर न्या. ती लांबली तरी फरक पडत नाही. शील्ड असलेली घ्या म्हणजे स्टार्टरचा गोंगाट शिरत नाही.

पेटी पांढरी, पॅनेलच्या सावलीत, वायरींची भोकं खालच्या बाजूला आणि ग्लँड घट्ट. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हात तापलेली काळी पेटी ते सहज ओलांडते. एक रिकामं भोक राहिलं होतं त्यातून गांधीलमाशीनं पेटीत घर केलं. ते काढताना मी वीस फुटांवर शिडीवर होते. एकही भोक उघडं ठेवू नका. पाईपला अर्थिंग द्या आणि वळवाचे ढग जमले असताना शिडी लावू नका.

घराच्या बाजूला

आबा स्मार्टफोन वापरत नाहीत. म्हणून त्यांच्या खाटेसमोर भिंतीवर तीन दिवे लावले. हिरवा म्हणजे मोटर चालू, पाणी धरलंय. पिवळा म्हणजे मोटर फिरतेय पण पाणी तुटलं. लाल म्हणजे फेज गेला किंवा निरोपच बंद. फ्लोट वर आला तर भोंगा वाजतो, आणि तो बटण दाबल्याशिवाय थांबत नाही. ईएसपी३२ वायफायवरून माझ्या फोनलाही कळवतो, पण ती वरची सोय. दिवे इंटरनेटशिवाय चालतात.

बरेच जण विचारतात की घरून मोटर चालूही करता येईल का. तांत्रिकदृष्ट्या येईल, दोन्ही टोकांचे रेडिओ बोलूही शकतात आणि ऐकूही. मी केलेलं नाही आणि तुम्हीही घाईनं करू नका. साधा लोरा निरोप उघडा असतो. तेच आकडे लावलेलं कुणाचंही मॉड्युल तो वाचू शकतं आणि तसाच खोटा निरोप पाठवूही शकतं. आणि आमच्याकडे मोटरीजवळ कुणाचा हात पट्ट्यात किंवा कपलिंगमध्ये आहे का, हे घरून दिसत नाही. करायचंच असेल तर फक्त बंद करण्याची आज्ञा ठेवा, निरोप एईएस या सांकेतिक कुलपाने बंदिस्त करा, आणि अनुक्रमांक मागचा असेल तर तो नाकारा.

गेल्या पावसाळ्यात भोंगा एकदा वाजला, रात्री सव्वातीनला. आबांनी शेजारच्या दोघांना हाक मारली, ट्रॅक्टर नेला आणि मोटर वर घेतली. पेटी पाईपवर होती, पाणी मोटरघराच्या छपराला लागेपर्यंत ती दर दहा मिनिटांनी बोलत राहिली, तिन्ही फेज शून्य, फ्लोट वर, बॅटरी ४.०४ व्होल्ट. आता दर वर्षी मृगाच्या आठवडाभर आधी मी शिडी लावते, फ्लोट हातानं वर उचलते, आणि आबा खाटेवरून फोन करून सांगतात, वाजला गं.